अर्ध्यावरचा हात

वहीत छापलंय : आज तुम्ही काय शिकवलंत?
खाली तीन रेघा. कॉलेजला तीन पुरतात.
फ्रेझरबरोच्या या भाड्याच्या खोलीत
ओले मोजे हीटरवर टाकून
मी चौथ्या ओळीपासून सुरुवात करते आहे.

सोमवारी भिंतीवर फलक लावला,
लॅमिनेट केलेला, निळ्या पुट्टीने चिकटवलेला :
इथे प्रत्येक आवाजाला मान आहे.
सोमवारीच, साडेदहाच्या सुमारास,
पेटीत बावीस बांगडे, नऊ विकले, उरले किती,
असं विचारलं तेव्हा स्ट्रूअन म्हणाला, "फिट?"
आणि मी म्हणाले, "फिट नाही, स्ट्रूअन. व्हॉट."
गोड आवाजात. हसून.
मागच्या खुर्चीत मिसेस बखन काहीतरी टिपत होत्या.

या किनाऱ्यावर 'काय'ला फिट म्हणतात,
'कुठे'ला फार, पोरगा म्हणजे लून, पोरगी क्वाइन.
शाळेच्या दारात मुलं चिखलाचे बूट काढून
आतले बूट घालतात ना,
तिथेच हे शब्दही काढून ठेवायचे असतात.
मीही ठेवले होते, सातव्या वर्षी.
परत घ्यायला गेले तेव्हा ते मला होईनात.

माझे वडील ट्रॉलरवर होते.
पालकसभेला आले एकदाच.
इवल्या खुर्चीत, गुडघे हनुवटीशी, टोपी मुठीत;
बाई बोलत राहिल्या, हे मान हलवत राहिले.
घरी आईला म्हणाले,
मी तोंड उघडलं असतं तर पोरीचे मार्क गेले असते.

मंगळवारी स्ट्रूअनचा हात अर्ध्यावर आला
आणि कान खाजवून खाली गेला,
जणू कानच खाजवायचा होता.
बुधवारी चार वेळा. मी मोजलं.
वहीत त्याच्या उत्तर होतं : तेरा,
दोनदा गिरवलेलं, कागद फाटेस्तोवर.

आज गुरुवार.
रुगिले ऑगस्टपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही.
तिची आई मासे कापायच्या कारखान्यात, पहाटे पाचची पाळी.
मी तिच्यासाठी चित्रांची कार्डं केली होती,
लिथुएनियन शब्द रात्र रात्र घोकले होते.
पोट भरलेल्या पाहुण्याने वाढलेल्या ताटाकडे पाहावं
तशी ती पाहायची कार्डांकडे. सौजन्याने.

मी फळ्याकडे तोंड करून हातचा समजावत होते.
मागून आवाज आला, नवा, जरा बसका :
"फिट?"

सगळ्या माना आधी तिच्याकडे वळल्या,
मग माझ्याकडे.
हा शब्द माझ्या कार्डांतला नव्हता.
मधल्या सुट्टीत, सीगलपासून डबा वाचवता वाचवता
कुणीतरी तो तिला दिला होता,
आणि ते कुणीतरी आता टेबलाची कड धरून
माझ्या ओठांकडे टक लावून बसलं होतं.

मिसेस बखनचं पेन थांबलं.
काय बोलणार ते मला माहीत नव्हतं, शप्पथ.
"फार आर ये स्टकिट, क्वाइन?"
कुठे अडलीस, पोरी?
वडिलांचा शब्द, माझ्या तोंडात,
गंजलेल्या बिजागरीसारखा करकरत.
वर्ग हसला. रुगिलेने बोट ठेवलं : इथे.
आणि स्ट्रूअनचा हात वर गेला,
कानाला न थांबता, पार वर.
"मिस, फार नाही. फाऽऽर. लांबवा जरा."

मी लांबवला. त्याने पुन्हा दुरुस्त केला.
व्हॉटही शिकवायचा आहे त्यांना, मला ठाऊक आहे,
तो दुसऱ्या वाटेचा बूट आहे, लागेल.
पण पायातले काढून घेतल्याशिवाय तो कसा द्यायचा
हे मला कुणी शिकवलेलं नाही,
आणि आजचा दिवस म्हणजे उत्तर नव्हे.

तीन रेघांवर लिहिलं :
हातच्याची वजाबाकी. दोघांना अजून जमत नाही.
माझे उच्चार सुधारायला हवेत.

निघताना मिसेस बखन एवढंच म्हणाल्या,
तुझा तो फलक वाकडा लागलाय.
उद्या सरळ करीन, की काढूनच ठेवीन,
अजून ठरत नाही.